पहिल्या पानापासून सुरू करू नका : कथा-कादंबरीपलीकडची काही मराठी पुस्तकं

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात काउंटरपाशी थोडा वेळ थांबलं की एक मागणी हमखास कानावर पडते : "कादंबरी नको, काहीतरी खरंखुरं द्या, पण वाचवेल असं." विक्रेता जाणकार असला तर दोन-चार पुस्तकं काढून समोर ठेवतो. गिऱ्हाईक मलपृष्ठावरचा मजकूर वाचतं, एखादं घेऊन जातं, आणि पुष्कळदा ते पुस्तक तिसाव्या-चाळिसाव्या पानात खूण अडकवून कपाटात जाऊन बसतं. यात पुस्तकाचा दोष असतोच असं नाही. प्रत चुकीची घेतलेली असते, नाहीतर सुरुवात भलत्याच ठिकाणाहून झालेली असते. कादंबरी पहिल्या पानापासून वाचावी लागते. आत्मचरित्र, प्रवासवर्णन, इतिहास, विज्ञान यांना तशी सक्ती नाही. म्हणून इथे पुस्तकांची नावं सांगताना, जमेल तिथे कोणती प्रत घ्यावी आणि कुठून उघडावी हेही सांगितलं आहे.

पहिलं नाव विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या 'माझा प्रवास'चं. मराठीत खरी घडलेली आणि श्वास रोखून वाचावी अशी हकीकत कोणती, असं विचारलं तर आधी हेच पुस्तक हातात द्यावं. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक. घरावर कर्ज झालेलं. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळलं म्हणून तो काकांबरोबर १८५७ साली निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यात जाऊन पडला. इंग्रजी फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा तो शहरात होता. शहर पडल्यावर झालेली कत्तल आणि लूट त्याने पाहिली. आज सोनंनाणं, उद्या तांब्यापितळेची भांडी, परवा धान्य आणि कपडे, अशी पाळीपाळीने झालेली ती लूट त्याने ज्या बारकाईने टिपली आहे, ती कुठल्याही सरकारी कागदात सापडत नाही.

उघडायचं ते झाशीच्या भागापासून. आधीची रस्त्याची हकीकत नंतर सावकाश वाचावी. झाशीनंतर काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीचा प्रसंग येतो. धुळीने माखलेली, तहानलेली राणी घोड्यावरून येते, गोडसे तिच्यासाठी पाणी काढायला पुढे होतात, आणि ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते, अशा अर्थाचं बोलून ती स्वतः विहिरीतून पाणी शेंदते. दोन-चार वाक्यांचा प्रसंग आहे. पण राज्य गेलेलं, मागे फौज लागलेली, आणि तरी कुणी कुणासाठी पाणी काढायचं हा त्या काळचा रिवाज दोघांच्याही मनातून हललेला नाही, हे त्यातून जसं कळतं तसं शंभर पानांच्या विवेचनातून कळणार नाही.

आता प्रत. यात फसगत होते, म्हणून जरा तपशिलाने सांगायला हवं. गोडशांनी हे लिहिलं ते घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. छापलं गेलं १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्यांनी. राज्य इंग्रजांचं होतं, त्यामुळे वैद्यांनी मजकुरात काटछाट केली आणि भाषाही आपल्या परीने साफसूफ केली. मूळ हस्तलिखित पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ मजकूर प्रसिद्ध केला. आज बाजारात दोन्ही परंपरांच्या प्रती मिळतात आणि मुखपृष्ठावरून त्यातला फरक कळत नाही. प्रस्तावना उघडा. तिथे 'मूळ हस्तलिखितावरून' असा स्पष्ट उल्लेख आणि संपादकाचं नाव असेल तर ती प्रत घ्या. त्याबद्दल चकार शब्द नसेल तर बहुधा ती वैद्यांच्या आवृत्तीची नक्कल असते. वाचायला तीही सोपी आहे, पण गोडशांचा खरा आवाज हवा असेल तर मूळ पाठच घ्यावा.

एक सावधगिरी. गोडसे डोळ्यांनी पाहिलेलं आणि वाटेत कुणाकडून ऐकलेलं दोन्ही एकाच ठामपणे सांगतात. बंड का झालं याची त्यांनी दिलेली कारणं शिपायांच्या तोंडून ऐकलेली आहेत. तो भाग त्या काळच्या लोकांत काय बोललं जात होतं याचा पुरावा म्हणून वाचावा, राज्यकारभाराचा इतिहास म्हणून वाचू नये.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' सगळ्यांना नावाने माहीत असतं, शाळेच्या पुस्तकातला एखादा उताराही आठवत असतो. त्यामुळेच अनेकांना ते वाचून झालं आहे असं वाटतं. उताऱ्यात येतो तो विनोद. पूर्ण पुस्तकात त्या विनोदाखाली काय सोसलेलं आहे ते दिसतं. सुरुवातीलाच १८५७च्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी येते, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना जडलेलं सोवळ्याचं वेड. बाजारातून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, त्यातून मीठ-साखरसुद्धा सुटायची नाही. हे सांगताना लक्ष्मीबाई वडिलांवर रागावत नाहीत आणि त्यांना हास्यास्पदही करत नाहीत. पुढे १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, दोघांची ताटातूट झाली, आणि १९००मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. एवढ्या पाच वर्षांच्या अंतरात एका बाईचं मन कसं कसं बदलत गेलं, याचं इतकं प्रामाणिक वर्णन मराठीत क्वचितच सापडेल.

हे मात्र पहिल्या पानापासूनच वाचावं. वाचक अडतो तो नातेवाइकांच्या गर्दीत. कोण कुणाची बहीण, कोण कुणाचा भाऊ, हे डोक्यात राहत नाही आणि वाचणं थांबतं. उपाय साधा आहे. एका कागदावर माहेरची माणसं डावीकडे आणि सासरची उजवीकडे लिहीत जा. पहिल्या साठ-सत्तर पानांनंतर त्या कागदाची गरज उरत नाही.

प्रत घेताना पहिला प्रश्न : संपूर्ण की संक्षिप्त? पुस्तक मुळात चार भागांत निघालं. चौथा भाग अपुरा असतानाच १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या आणि मुलाने, देवदत्त टिळकांनी, तो पुरा केला. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. त्यामुळे अशी जुनी पुस्तकं कुणीही छापू शकतं आणि छापतंही. काही प्रकाशक मन लावून छापतात, काही जण जुनी प्रत टंकून मुद्रितं न तपासता बाजारात आणतात. अनुक्रमणिकेत चारही भाग आहेत का ते बघा आणि मधलं एखादं पान काढून सलग वाचा. एका पानावर तीन चुका दिसल्या तर ती प्रत जागेवर ठेवून द्या. हीच परीक्षा जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'सारख्या, हक्क संपलेल्या प्रत्येक पुस्तकाला लागू आहे.

इरावती कर्व्यांचं 'युगान्त' हे अस्सल पुण्यात घडलेलं पुस्तक म्हणायला हरकत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ साली ते पुरं झालं. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. कुठला श्लोक बहुतेक पोथ्यांत आहे, कुठला एखाद्याच प्रांतातल्या पोथीत घुसलेला आहे, हे पडताळून मूळ पाठ वर आणि बाकीचा मजकूर तळटीपांत किंवा परिशिष्टांत, अशी मांडणी झाली. गणपती महाभारत लिहून घेतो ही गोष्ट त्यामुळे परिशिष्टात गेली. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य, जे दूरदर्शनच्या मालिकेमुळे घराघरांत पाठ झालं, ते त्या पाठात नाहीच. डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या इरावतीबाईंनी हा शोधलेला पाठ आधाराला घेतला आणि भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे देव किंवा देवी म्हणून न पाहता नात्यांच्या आणि कुळांच्या जाळ्यात सापडलेली माणसं म्हणून पाहिलं. पुस्तक १९६७मध्ये निघालं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हे भीष्मापासून वाचायला घेऊ नका. पहिलाच लेख भीष्माच्या आयुष्याचा हिशेब मांडतो, आणि त्यासाठी अंबा-अंबिका-अंबालिका, विचित्रवीर्य, नियोग हे सगळं आधीपासून मनात पक्कं असावं लागतं. 'मयसभा' हा लेख आधी घ्यावा. खांडववन जाळण्याचा प्रसंग आपण लहानपणापासून अर्जुनाच्या पराक्रमाचा म्हणून ऐकलेला असतो. इरावतीबाई त्या वनात कोण राहत होतं, कोण पळत होतं, त्यांना परत आत का ढकललं गेलं, असे प्रश्न विचारू लागतात आणि पराक्रमाची गोष्ट बघता बघता दुसऱ्याच कशाची तरी होते. हा लेख आवडला की पुस्तकाची रीत कळली. मग 'द्रौपदी' आणि 'कर्ण' घ्या, आणि भीष्माकडे शेवटी या.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. 'गांधारी' हा लेख अर्धाअधिक कथेच्या अंगाने लिहिलेला आहे. त्यातले संवाद महाभारतातले म्हणून कुणाला सांगू नयेत. विदुर आणि युधिष्ठिर यांच्याबद्दलच्या लेखाच्या शीर्षकात इरावतीबाईंनी स्वतःच प्रश्नचिन्ह ठेवलं आहे, म्हणजे तो तर्क आहे हे त्या वाचकाला आधीच सांगतात. चांगल्या माहितीपर पुस्तकाची खूण हीच. पुरावा कुठे संपला आणि लेखकाचा अंदाज कुठून सुरू झाला हे तो लपवत नाही.

इथे दुकानातल्या मांडणीबद्दल थोडी तक्रार करायलाच हवी. पुण्यातल्या बहुतेक दुकानांत 'इतिहास' अशी पाटी लावलेल्या कपाटात ऐतिहासिक कादंबऱ्या आणि खरा इतिहास शेजारी शेजारी उभे असतात. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पानिपत, बाजीराव : नावं सारखीच, मुखपृष्ठावर घोडेही सारखेच. कादंबरी वाचण्यात काही वाईट नाही, पण ती इतिहास म्हणून वाचली की घोळ होतो. ओळखायचं कसं? पुस्तक मधोमध उघडा. बंद दालनात दोनच माणसं आहेत, ऐकायला तिसरं कुणी नाही, आणि त्यांचं बोलणं अवतरणचिन्हांत शब्दशः दिलेलं आहे, म्हणजे ती कादंबरी. पानाखाली किंवा प्रकरणाखेरीस टिपा आहेत, अमुक पत्र, अमुक दफ्तर असा आधार दिला आहे, दोन साधनं एकमेकांशी जुळत नाहीत असं लेखक कबूल करतो, म्हणजे इतिहास.

पानिपतासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं नाव घ्यायचं. डेक्कन कॉलेजातल्या या संशोधकाने आधी इंग्रजीत आणि मग मराठीत १७६१च्या लढाईवर लिहिलं. शेजवलकर भाबडे नाहीत, चिडखोर म्हणावेत इतके परखड आहेत, आणि म्हणूनच ते वाचनीय आहेत. नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय मात्र ते वाचू नये. दिल्ली, कुंजपुरा, पानिपत, आणि यमुनेचा उतार कुठे, एवढं एका कागदावर काढलं की रसद तुटणं म्हणजे काय ते डोळ्यांपुढे उभं राहतं. नकाशाविना ती नुसती गावांची नावं होतात, आणि पुस्तक सुटतं.

रा. चिं. ढेरे यांचं 'श्री विठ्ठल : एक महासमन्वय' हे मोठं काम आहे, पण पहिल्याच फेरीत घेऊ नये. वर सांगितलेली दोन-तीन पुस्तकं पचल्यावर, आषाढीच्या आसपास, हाती घ्यावं. टिपा सोडून नुसता मुख्य मजकूर वाचला तरी चालतो.

विज्ञानाच्या पुस्तकांची गोष्ट वेगळी आहे. तिथे शिळेपणा हा खरा धोका. दुकानात मिळणारं पुस्तक नवं कोरं दिसतं, आतला मजकूर मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा असू शकतो, कारण पुनर्मुद्रणात फक्त मुखपृष्ठ बदलतं. कॉपीराइटचं पान उघडा. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' हे वेगळे शब्द आहेत. नवी आवृत्ती म्हणजे मजकूर तपासलेला असण्याची शक्यता, पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा. खगोलशास्त्राच्या पुस्तकासाठी दोन खुणा पुरतात. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून काढलं आणि गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा २०१५ साली टिपल्या गेल्या. ग्रह नऊ सांगितले असतील आणि गुरुत्वीय लहरी 'अजून सापडायच्या आहेत' असं म्हटलं असेल, तर पुस्तक त्याआधीचं आहे. म्हणून ते फेकून द्यायचं नाही. गुरुत्वाकर्षण, ताऱ्यांचा जन्म-मृत्यू, ग्रहणं यांचं स्पष्टीकरण बदललेलं नाही. फक्त 'नवीन शोध' हे प्रकरण मुलांना वाचून दाखवू नका.

जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' हे असं, मूलभूत गोष्टी नीट समजावणारं पुस्तक. त्याच्या जोडीला त्यांचं आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व' घ्यावं. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. पुणेकरांनी सरळ शेवटच्या नगरापासून सुरुवात करावी. विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था कशी उभी राहिली हा भाग म्हणजे संस्था बांधायची तर काय काय करावं लागतं याचा धडाच आहे. तो वाचून २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुका सर्वांसाठी खुली असते तेव्हा जाऊन यावं. आवारातले आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे बघताना पुस्तकातलं वाचलेलं पक्कं होतं. केंब्रिजच्या भागात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्याबरोबरचं संशोधन येतं. तिथली गणिती पानं कळली नाहीत तर थांबून राहू नका, पुढे जा. साधारण वाचक नेमका तिथेच अडकतो आणि अकारण हार मानतो.

समाजाबद्दलच्या पुस्तकांत अनिल अवचटांना पर्याय नाही. त्यांची वाक्यं छोटी, शब्द रोजच्या वापरातले, आणि प्रश्न विचारायची पद्धत लहान मुलासारखी सरळ : हे काय, हे कशाने करता, दिवसाला किती मिळतात? 'गर्द' या पुस्तकामागे ब्राउन शुगरच्या व्यसनावरचे त्यांचे लेख आहेत. ते लेख पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या वाचनात आले, त्यांनी देणगी देऊ केली, आणि १९८६ साली येरवड्यात डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. लेखातून दवाखाना उभा राहिल्याचं उदाहरण आपल्या गावातच आहे. 'गर्द' आणि 'मुक्तांगणची गोष्ट' एकापाठोपाठ वाचावीत. पहिल्यात प्रश्न आहे, दुसऱ्यात त्यावर केलेलं काम. पहिल्यातले आकडे आणि भाव तेव्हाचे आहेत हे लक्षात ठेवावं. पण व्यसनी माणूस घरच्यांशी कसा खोटं बोलतो, घरचे ते कसं झाकतात, ही वर्णनं आजही जशीच्या तशी लागू पडतात.

मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' दिसायला लहान, पण फार मोलाचं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय घ्यायची रीत पाडली, जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकला. सहमती म्हणजे नेमकं काय, एकाने विरोध केला तर काय होतं, हे त्यात बारकाईने दिलं आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत ज्यांना बसावं लागतं त्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावं असं मनापासून वाटतं. एका रविवारी वाचून होतं.

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्याची सुरुवात थोडी चकवते. सांगणारा आणि ऐकणारा दोन वेगळी माणसं असल्यासारखी रचना आहे, पण दोन्ही दया पवारच. शिकलेला, शहरात राहणारा पवार, आणि ज्याच्या अंगावरून ते सगळं गेलं तो दगडू मारुती पवार. एवढं आधी माहीत असलं की पहिली पानं अडत नाहीत. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' मात्र काळाच्या क्रमाने जात नाही, आठवण येईल तसं पुढेमागे होतं. त्यात पु. लं.विषयी काय आहे एवढंच शोधत जाणाऱ्याच्या हाती फार थोडं लागतं. एका बाईने स्वतःची केलेली उलटतपासणी म्हणून वाचलं तर ते सोडवत नाही.

अनुवादांबद्दल थोडक्यात. जगभर खपलेली जाडजूड पुस्तकं आता मराठीत लवकर येतात. घेण्यापूर्वी तीन गोष्टी बघाव्यात : अनुवादकाचं नाव ठळक छापलं आहे का, मूळ पुस्तकातल्या टिपा आणि सूची ठेवल्या आहेत की गाळल्या आहेत, आणि एक परिच्छेद हळू आवाजात वाचल्यावर तो मराठी वाटतो का. 'च्या द्वारे', 'केले गेले होते', 'जो की' यांची रांग लागली असेल तर तीनशे पानं रेटणं कठीण जाईल. चांगल्या अनुवादाची चव बघायची असेल तर नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं 'तोत्तोचान' घ्या. जपानमधल्या एका शाळेच्या या आठवणी, आणि भाषा आपल्या घरातली. दहा-अकरा वर्षांचं मूल ते स्वतः वाचू शकतं.

आता प्रत्यक्ष वस्तू म्हणून पुस्तक तपासणं. हे फार कमी लोक करतात आणि मग घरी गेल्यावर हळहळतात. पुस्तक फर्म्यांनी बांधलं जातं. फर्मा म्हणजे मोठ्या कागदाला घड्या घालून केलेला पानांचा जुडगा, साधारण सोळा पानांचा. बांधणीत चूक होते ती अख्ख्या फर्म्याची : एक गळतो, एक दोनदा लागतो, एक उलटा लागतो. म्हणून सगळी पानं मोजत बसायची गरज नाही. १६ नंतर १७, ३२ नंतर ३३, ४८ नंतर ४९, अशा सांध्यांवर नजर टाकत गेलं की एका मिनिटात जाड पुस्तक तपासून होतं. सुरुवातीच्या पानांना वेगळे आकडे असले तर सांधे थोडे पुढेमागे सरकतात, पण अंतर सोळाचंच राहतं. अशी सदोष प्रत बदलून मिळते, मात्र पावती जपून ठेवा आणि पहिल्या पानावर नाव घालायची घाई करू नका.

दुसरं, बांधणी. पुस्तक फर्म्याच्या मधोमध उघडलं तर घडीत दोरा दिसतो का ते बघा. दोरा असेल तर शिवण बांधणी, ती वर्षानुवर्षं टिकते. नुसता डिंक असेल तर पाठीवर ताण आला की तो तडकतो आणि पानं सुटी होतात, विशेषतः मे महिन्याच्या उन्हात गाडीत राहिलेल्या पुस्तकाची. डिंकाची प्रत एकदम मधोमध उघडून दाबू नये. आधी पुढची दहा-वीस पानं, मग मागची दहा-वीस, असं दोन्ही बाजूंनी आत येत पाठ मोकळी करावी. घरातल्या वयस्कर माणसांसाठी घेत असाल तर अक्षराचा आकार दुकानातच हातभर अंतरावर धरून बघा. कागद वाचवायला बारीक टाइपात छापलेली संतवाङ्मयाची आणि इतिहासाची पुस्तकं पुष्कळ आहेत, आणि ती कितीही चांगली असली तरी सत्तरीच्या माणसाच्या उपयोगाची नसतात.

खरेदीसाठी अप्पा बळवंत चौकात जायचं तर जून-जुलै टाळावा. तेव्हा पाठ्यपुस्तकांची झुंबड असते आणि कुणालाही तुमच्याशी बोलायला उसंत नसते. तिथलं 'रसिक साहित्य' आणि बाजीराव रस्त्यावरची 'अक्षरधारा' ही दोन ठिकाणं उभं राहून चाळायला बरी. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो. एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या प्रकाशकांच्या प्रती शेजारी ठेवून बघायच्या असतील तर ती जागा उत्तम. वर सांगितलेली 'माझा प्रवास' आणि 'स्मृतिचित्रे' तिथेच पारखून घ्यावीत. विकत घेण्याआधी वाचून बघायचं असेल तर १८४८पासून चालू असलेलं पुणे नगर वाचन मंदिर आणि नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय आहेच. छापील आवृत्ती संपलेल्या पुस्तकांसाठी तर हीच खरी वाट. आणि वाचताना काही अडलं, तर मराठी विश्वकोश संगणकावर फुकट बघता येतो.

शेवटचं पुस्तक जाणूनबुजून शेवटी ठेवलं आहे, कारण ते वाचायला एक वर्ष लागतं. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६ सालचं. चैत्र ते फाल्गुन, बारा महिन्यांवर बारा लेख. पुस्तक लहान, म्हणून लोक दोन दिवसांत संपवायला जातात, आणि तिसऱ्या लेखापर्यंत फुलांची, झाडांची, रंगांची नावं एकात एक मिसळून जातात. वाक्यं दाट आहेत, ती घाईने वाचायची नाहीतच. पाडव्याला चैत्राचा लेख वाचावा आणि पुस्तक मिटून ठेवावं. त्या आठवड्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला जावं. पळस, पांगारा, काटेसावर यांचा बहर ओसरत आलेला असतो, ग्लिरिसिडियाच्या फिकट गुलाबी फुलांचा सडा वाटेवर पडलेला असतो. दुर्गाबाईंनी लिहिलेलं काय दिसतं, काय दिसत नाही, हे पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने नोंदवावं. वैशाखात बहावा पिवळाधमक होतो, तेव्हा दुसरा लेख. अधिक मास आला तर तो महिना आधीच्या नोंदी चाळायला. समास रुंद असलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. पुढच्या पाडव्याला त्याच पानावर दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने लिहायला जागा लागेल.